बोल्ट

कामतघरला, वऱ्हाळदेवी तलावाजवळ, एका स्नेह्यांकडे गेलो होतो. त्यांचे नववीतले चिरंजीव इंग्रजीच्या वहीपुढे तोंड पाडून बसले होते. वाक्य होते, 'द थीफ मेड अ बोल्ट फॉर इट.' पठ्ठ्याने लिहिले होते, 'चोराने त्याच्यासाठी एक बोल्ट तयार केला.' त्यावर लाल फुली, आणि शेजारी एकच शब्द : 'मूर्ख'.

आता मला सांगा, ज्याचा बाप यंत्रमागावर राबतो, त्या पोराने बोल्ट म्हटल्यावर दुसरे काय समजायचे? मी त्याचा शब्दकोश मागवला. कोशकर्त्यांनी अर्थ दिलेत : खिळा, अडसर, बाण, वीज, कापडाचा तागा, पळून जाणे. चाळीतली बिऱ्हाडे लागावीत तसे एकापुढे एक. कोणाचे कोणाशी नाते काय, ते विचारायचे नाही! दार लावतो तोही बोल्ट आणि उघडे दार दिसताच पळतो तोही बोल्ट! खरे तर मूळ पुरुष बाण. आखूड, जाड, यांत्रिक धनुष्यातून सुटणारा. त्याच्या आकारावरून अडसर आला, त्याच्या सुटण्यावरून पळणे. (2009 साली बर्लिनला शंभर मीटर 9.58 सेकंदांत धावला, त्याचे आडनावच बोल्ट! याला म्हणतात सार्थ नाव.)

बरे, त्या 'इट'चा अर्थ काय? काही नाही. आपण 'धूम ठोकली' म्हणतो तेव्हा हातोडा कुठे शोधतो?

मास्तरांनी फुलीखाली उत्तर दिले होते, 'चोराने पोबारा केला.' माझी हरकत इथेच आहे. पोबारा हे सोंगट्यांच्या खेळातले भाग्याचे दान. पोबारा केला म्हणजे गडी निसटला, हाती लागला नाही. इंग्रजी वाक्यात चोर नुसता एकदम पळत सुटलाय; कोपऱ्यावर हवालदाराने धरलाही असेल. 'काढता पाय घेतला' म्हणावे, तर त्यात चहा संपवून उठण्याची सभ्यता आहे. 'धूम ठोकली' हेच खरे.

हे सारे मी पोराला सांगितले. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे काका, मागावर धोटा सुटतो, तसं?"

"अगदी तसं."

"कधीकधी तो मागातून बाहेरच उडतो. मग बाबा 'बाजूला हो' म्हणून ओरडतात."

त्याने फुलीखाली नव्याने लिहिले, 'धोटा सुटावा तसा चोर सुटला.' आणि वही मिटता मिटता विचारले, "काका, सर मार्क देतील?"