प्रथिने किती? दोन पुस्तके, दोन उत्तरे

मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत पूर्वी घरांच्या किमती आणि ग्रीन कार्ड हे विषय हमखास असत. आता चाळिशी ओलांडलेली मंडळी एकमेकांना विचारतात, "काय रे, दिवसाला प्रोटीन किती घेतोस?" या चर्चेच्या मुळाशी बहुधा दोनपैकी एक पुस्तक असते. एक म्हणजे डॉ. पीटर अटिया यांनी बिल गिफर्ड यांच्यासह लिहिलेले 'आउटलिव्ह' (२०२३), आणि दुसरे डॉ. व्हॉल्टर लाँगो यांचे 'द लॉन्जेव्हिटी डाएट' (इंग्रजीत २०१८). दोघेही निरोगी दीर्घायुष्याची वाट दाखवतात, पण प्रथिनांपाशी आले की एक पूर्वेला जातो आणि दुसरा पश्चिमेला.

आकडेच पाहा. लाँगो म्हणतात, पासष्टीपर्यंत वजनाच्या किलोमागे साधारण ०.७ ते ०.८ ग्रॅम प्रथिने पुरेत, तीही मुख्यतः डाळी-कडधान्यांतून आणि थोड्या माशांतून. अटिया म्हणतात, सुरुवातच २.२ ग्रॅमपासून करा. म्हणजे ७० किलोच्या माणसाला एक पुस्तक ५६ ग्रॅमवर थांबवते, तर दुसरे १५४ ग्रॅमपर्यंत नेते! मी डॉक्टर नाही, व्यवसायाने आयटीतला माणूस. पण 'हा आकडा आला कुठून?' हे विचारल्याशिवाय आमच्या धंद्यात कोणी पुढे जात नाही, म्हणून दोन्ही पुस्तके त्याच नजरेने वाचली.

लाँगो यांचा भर पेशींच्या वाढीच्या यंत्रणेवर आहे. जास्त प्रथिने, विशेषतः प्राणिज, खाल्ली की आयजीएफ-१ हे वाढीचे संप्रेरक वाढते आणि पेशी दुरुस्तीऐवजी वाढीच्या मागे लागतात, असे त्यांचे म्हणणे. इक्वाडोरमधल्या लॅरॉन सिंड्रोमच्या लोकांमध्ये हे संप्रेरक फार कमी असते, आणि त्यांच्यात कॅन्सर व मधुमेह क्वचितच आढळतात. हा भाग पुस्तकात फारच वाचनीय झाला आहे. त्यांच्या गटाच्या २०१४ च्या अभ्यासात पन्नाशीपुढचे ६,३८१ अमेरिकन होते. ५० ते ६५ वयात भरपूर प्रथिने खाणाऱ्यांमध्ये पुढच्या १८ वर्षांतले मृत्यूचे प्रमाण ७५ टक्क्यांनी जास्त दिसले. प्रथिने वनस्पतिज असतील तर हा संबंध फिका पडला किंवा नाहीसाच झाला. मात्र कच्चा दुवाही इथेच आहे. त्या लोकांचा आहार नोंदवला गेला तो फक्त एका दिवसाचा. आपण एका रविवारच्या जेवणावरून कोणाच्या अठरा वर्षांचा हिशेब मांडू का?

अशा निरीक्षणांवर अटिया सडकून टीका करतात, आणि ती योग्यच आहे. त्यांचा मुद्दा स्नायूंचा. तिशीनंतर दर दशकात स्नायू घटत जातात, उतारवयात तेवढ्याच प्रथिनांपासून शरीर पूर्वीइतका स्नायू घडवत नाही, आणि मग एक दिवस साधे पडण्याचे निमित्त होऊन माणूस अंथरुणाला खिळतो. हे प्रकरण वाचून आईवडील डोळ्यांसमोर आले नाहीत असा वाचक विरळा. पण २.२ या आकड्याचा आधार मुख्यतः व्यायाम करणाऱ्यांच्या स्नायूंवरचे, काही आठवड्या-महिन्यांचे प्रयोग. एवढी प्रथिने खाल्ल्याने माणूस जास्त जगतो हे दाखवणारा दीर्घ प्रयोग त्यांच्याही हाती नाही. दुसऱ्याच्या पुराव्याला लावलेली कडक चाळणी ते स्वतःच्या आकड्याला लावत नाहीत, ही माझी या पुस्तकाविषयीची मुख्य तक्रार.

दोघांनाही आपले ताट ठाऊक नाही, ही दुसरी तक्रार. एका वाटीला ३० ग्रॅम तूरडाळ धरली तर घट्ट वरणातून मिळतात सहा-सात ग्रॅम प्रथिने. अटियांचा आकडा केवळ वरणावर गाठायचा तर रोज तेवीस वाट्या! लाँगो सांगतात की पूर्वजांच्या पंगतीत बसून जेवा. सल्ला गोड आहे. पण आपल्या पूर्वजांची ज्वारीची भाकरी, पिठले, मटकीची उसळ आणि शेंगदाण्याची चटणी ही शेतात राबणाऱ्या शरीरांसाठी होती. आपण इथे आणले ते वरण-भात, पोळी आणि बटाट्याची भाजी, आणि बसतो दिवसभर कॉम्प्युटरसमोर.

गंमत म्हणजे ज्या वयाचा प्रश्न खरा गंभीर आहे, तिथे दोघांचे भांडण बरेच मिटते. त्याच २०१४ च्या अभ्यासात पासष्टीनंतर चित्र उलटे झाले. जास्त प्रथिने खाणाऱ्यांत मृत्यू कमी दिसले, आणि लाँगोही त्या वयात प्रथिने थोडी वाढवायला सांगतात. २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने पासष्टीपुढच्यांसाठी किलोमागे १ ते १.२ ग्रॅमची शिफारस केली. म्हणजे ६० किलोच्या आजींना ६० ते ७२ ग्रॅम.

आता आपल्याकडे सहा महिने राहायला येणाऱ्या आईबाबांचे खाणे आठवा. सकाळी चहा-बिस्किटे, रात्री 'हलके काहीतरी' म्हणून दूधभात, उपासाला साबुदाणा, ज्यात प्रथिने जवळजवळ नाहीतच. पन्नाशीतला मुलगा शेक ढवळतो आणि पंचाहत्तरीची आई खिमटावर भागवते, हा उलटा कारभार आहे. न्याहरीला मुगाचे धिरडे आणि दही, जेवणात उसळ, पनीर किंवा सोयाबीन, चालत असेल तर अंडे-मासे, एवढा बदल कुठल्याही स्वयंपाकघरात जमण्यासारखा आहे. मात्र मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावे.

आणि नुसते खाऊन भागत नाही. १९९४ मध्ये सरासरी ८७ वर्षे वयाच्या १०० अशक्त वृद्धांवर अमेरिकेत प्रयोग झाला. दहा आठवडे वजनांचा व्यायाम करणाऱ्यांची ताकद दुपटीहून जास्त झाली. फक्त पोषक पेय घेणाऱ्यांना म्हणावा तसा फायदा झाला नाही. व्यायामावरची अटियांची प्रकरणे म्हणूनच त्यांच्या प्रथिनांच्या आकड्यापेक्षा मोलाची आहेत.

एकच पुस्तक घ्यायचे असेल तर 'आउटलिव्ह' घ्या, पण व्यायामाच्या प्रकरणांसाठी. आहाराबाबत पासष्टीपर्यंत माझा कौल लाँगोंच्या डाळी-कडधान्यांना. आणि दोन्ही वाचायला वेळ नसेल, तर निदान आज संध्याकाळी आईबाबांच्या ताटात काय आहे ते नीट पाहा.