हलका डेस्कटॉप, जड ब्राउझर

१४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा आधार संपला, आणि तेव्हापासून ‘जुन्या लॅपटॉपवर हलकं लिनक्स टाका’ हा सल्ला घरगुती औषधासारखा सर्रास दिला जातोय. देणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. आमची तक्रार आहे ती त्यातल्या ‘हलकं’ या शब्दाबद्दल. कारण प्रयोग फसला की माणूस शब्दाला दोष देत नाही, लिनक्सला देतो, आणि अजून चार वर्षं चालला असता असा लॅपटॉप भंगारात जातो.

आम्ही चार गोष्टी एकाच मशीनवर वापरून पाहिल्या. कोअर टू ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, फिरती हार्ड डिस्क. त्यावर एलएक्सक्यूटी, एक्सएफसीई, माते आणि शेवटी आइसडब्ल्यूएम हा नुसता विंडो मॅनेजर. मशीन चालू केल्यावर काहीही न उघडता किती रॅम भरली, हा आकडा प्रत्येक परीक्षणात सगळ्यात आधी येतो. एलएक्सक्यूटी आणि एक्सएफसीईमध्ये आम्हाला तो फरक शे-दीडशे एमबीच्या आसपास दिसला. आता फायरफॉक्स उघडा. एका टॅबमध्ये मेल, दुसऱ्यात बातम्या. वाचवलेलं सगळं एका टॅबने गिळलं! घर रिकामं असताना त्यात किती जागा आहे हे मोजून काय करायचं? राहायला माणसं येणारच आहेत ना?

मातेचं उदाहरण घ्या. (नाव त्या दक्षिण अमेरिकेतल्या पेयावरून आलंय, आपल्या कानाला मात्र भलताच भक्तिभाव जाणवतो.) २०११मध्ये जीनोम ३ आलं, ते अनेकांना रुचलं नाही, म्हणून जीनोम २चाच धागा पुढे चालवायला माते निघालं. म्हणजे हे मुळात हलकं म्हणून घडवलेलंच नाही. जीनोम २ त्याच्या काळात भरगच्च, सर्वसाधारण डेस्कटॉप होता. बाकीचे जाड झाले म्हणून हा बारीक दिसायला लागला, इतकंच.

एक्सएफसीई त्याहून जुनं, १९९६चं. ऑलिव्हिए फूर्दाँ यांनी सुरू केलेलं. त्याची ४.१२ आवृत्ती फेब्रुवारी २०१५मध्ये आली आणि ४.१४ थेट ऑगस्ट २०१९मध्ये. मधली साडेचार वर्षं बरीचशी खालचा पाया जीटीके २वरून जीटीके ३वर नेण्यात गेली. या संथपणाची चेष्टा होते. आम्हाला तो गुण वाटतो. ज्या काकूंनी २०१५मध्ये मेनू कुठे असतो हे शिकून घेतलं, त्यांना तो आजही तिथेच सापडतो. जुना लॅपटॉप बहुतेक वेळा अशाच माणसाच्या हातात असतो, ज्याला नवं शिकायची हौस नाही, काम उरकायचं आहे.

एलएक्सक्यूटी चपळ आहे, यात वाद नाही. पण त्याच्या सेटिंग विखुरलेल्या आहेत. खिडक्यांची सजावट बहुतेक ठिकाणी ओपनबॉक्सकडे असते, म्हणून तिचं दालन वेगळं. कुठला भाग कोणी बनवला हे वापरणाऱ्याला माहीत असावं, अशी ही अपेक्षा आहे. का म्हणून? आणि आइसडब्ल्यूएम! तो खरोखर सगळ्यात हलका. पण नुसता घेतला तर वायफाय, आवाज, बॅटरी संपत आल्याची सूचना, झाकण मिटल्यावर झोपणं, हे सगळं आपणच जोडत बसायचं. यंत्राचा भार कमी झाला, तो माणसाच्या डोक्यावर आला.

आमची खरी कसोटी वेगळीच होती: पंधरा मिनिटांत मराठी टंकता येतं का? एक्सएफसीईत कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीची कगप मांडणी मिळते, पण ‘सिस्टिमचं मूळ वापरा’ ही खूण काढेपर्यंत ती यादी हातच लावू देत नाही. हे कोणी सांगितलं नाही तर नवखा माणूस तिथेच अडतो. सिस्टिमची भाषा मराठी निवडली नसेल तर ‘ल’ आणि ‘श’ बऱ्याचदा हिंदी वळणाचे दिसतात. ही गोष्ट रॅमच्या तक्त्यात कधी येत नाही. कशी येणार?

आता पैशाचं बोलू. २ जीबी रॅम भरली की सिस्टिम डिस्कवर सामान टाकायला लागते, आणि फिरती डिस्क तिथे अक्षरशः रडते. माऊस थिजतो, लोक म्हणतात लिनक्स अडकलं. एक साधी साटा एसएसडी बसवल्यावर आमच्या मशीनमध्ये जो फरक पडला, तो चारही डेस्कटॉप बदलून पडला नव्हता. जोडीला रॅम दाबून ठेवणारं झेडरॅम चालू करा, त्याला दमडीही लागत नाही. मग एक्सएफसीई की माते हा प्रश्न आवडीचा उरतो. आम्ही एक्सएफसीई ठेवलं.

दोन ठिकाणी मात्र डेस्कटॉप काही करू शकत नाही. यूट्यूब आज व्हीपी९ किंवा एव्ही१मध्ये व्हिडिओ देतं, आणि कोअर टू ड्युओच्या काळातल्या मशीनमध्ये ते उलगडायची हार्डवेअरची सोयच नाही. सगळा भार प्रोसेसरवर. मुलांच्या शिकवण्या त्यावर बघायच्या असतील तर दर्जा ४८०पीवर आणा, किंवा ब्राउझरला एच.२६४ मागायला लावणारं एक्स्टेन्शन टाका. दुसरं, ३२ बिटचे जुने लॅपटॉप. डेबियन १३पासून त्यांच्यासाठी इन्स्टॉलर निघत नाही, डेबियन १२ हा शेवटचा. तुमच्यापैकी कोणाकडे असं मशीन असेल तर आत्ताच विचारा, त्यावर काय टाकायचं ते मॉडेल बघून सांगतो.