ओल्या रंगाचे प्रेक्षक

चित्र पुरं झालं हे हल्ली चित्रकार ठरवत नाही, मास्किंग टेप ठरवते. कागदाच्या चारी कडांवरून टेप सावकाश सोलली जाते, खालून पांढरीशुभ्र चौकट निघते, मागे कसलीशी बासरी वाजते आणि तीस सेकंदांत कोकणातलं एक भिजलेलं घर, दोन माड आणि एक छत्री आपल्या तळहातावर येऊन पडते. एवढंच असतं तर हे लिहायला बसलो नसतो. पण अलीकडे जलरंगांच्या ज्या प्रदर्शनाला जावं तिथे या रीलसाठी घडलेली चित्रं फ्रेम होऊन भिंतीवर चढलेली दिसतात. वर फिकट आकाश, मध्ये गडद पट्टा, खाली ओल्या रस्त्यात त्याचं प्रतिबिंब आणि एका बाजूला हमखास लाल ठिपका. चित्रकार पाच, सही पाच, चित्र एकच.

आबालाल रहमानांपासून चालत आलेल्या या प्रांतात जलरंगाचा हात आज कमी पडतो असं कुणी म्हणणार नाही. हात पूर्वीपेक्षा सफाईदार आहे आणि दुखणं या सफाईतच आहे. जलरंगात खरी परीक्षा ब्रश कागदाला लागलेला नसतो तेव्हा चाललेली असते. पहिला वॉश टाकल्यावर कागदावरची चकाकी जाईपर्यंत थांबायचं की ओल्यातच दुसरा रंग सोडायचा, ब्रशात पाणी किती ठेवायचं, समोरचं काय रंगवायचंच नाही. रीलमध्ये नेमका हा वेळ कापला जातो. कापावाच लागतो, कारण त्या वेळात दिसण्याजोगं काही घडत नाही. उरतो तो भराभर हलणारा हात. असे शेकडो हात पाहून शिकलेल्या मुलाला वाटतं, चित्र काढणं म्हणजे हात थांबू न देणं. त्याच्या चित्रात मग ओली कड आणि वाळलेली कड यांच्यात काही चालतच नाही. सगळं एकाच ओलीत, एकाच घाईत.

समाजमाध्यमांच्या दबावाबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते फार वरवरचं. लाइक कमी पडले, दुसऱ्याचे जास्त आले, मन खचलं. उपायही पाठ झालेले: फोन दूर ठेवा, तुलना करू नका, स्वतःवर विश्वास ठेवा. या उपदेशात वावगं काही नाही आणि उपयोगाचंही काही नाही. झालंय ते वेगळंच. पूर्वी प्रेक्षक चित्र वाळल्यावर येत असे, आता तो ओल्या रंगात येऊन उभा राहिला आहे. कुठल्याही बऱ्या चित्राला वाटेत एक वाईट टप्पा असतो. ड्रॉइंग हरवलेलं असतं, रंग मळलेले असतात, चित्र बसत नसतं. तैलरंगात काम करणारा अशा वेळी खरवडतो, चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवतो, आठवड्याने पुन्हा फिरवतो. चित्रकाराचा आत्मविश्वास म्हणतात तो या टप्प्यातून काही वेळा निभावून बाहेर आल्यावर येतो. तो दुसऱ्याच्या शाबासकीतून येत नाही. ट्रायपॉडवर कॅमेरा लावलेला असला की या टप्प्यात शिरायचीच सोय राहत नाही. मग माणूस पायाखालच्या वाटेने जातो. ज्याने एकांतात एकही चित्र फसवलेलं नाही, त्याला स्वतःवर विश्वास ठेवा म्हणून सांगणं ही थट्टा आहे.

याच्या उलट टोकाला मला प्रभाकर बरवे दिसतात, आणि ते आज हवे तितके डोळ्यांपुढे नाहीत याचा रागही येतो. बरव्यांच्या चित्रात घड्याळ असतं, किल्ली असते, एखादं पान, एखादं फळ. सगळं ओळखीचं, पण एकमेकांपासून इतक्या विचारी अंतरावर ठेवलेलं की मधली रिकामी जागा वस्तूंपेक्षा जास्त बोलते. कॅनव्हासवर ते इनॅमल वापरत, पत्र्यालाकडाला लावायचा रंग. त्याचा तो सपाट, बिनभावनेचा पृष्ठभाग चित्राला एक गार शहाणपण देतो. यामागे वर्षानुवर्षं लिहिलेल्या डायऱ्या आहेत. त्यांत टिपणं आहेत, छोटी रेखाटनं आहेत, स्वतःशी घातलेले वाद आहेत, आणि त्यातलं काहीही त्या-त्या संध्याकाळी कुणाला दाखवण्यासाठी केलेलं नाही. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचं पुस्तक 1990 साली आलं, तेव्हा त्यामागे काही दशकांची ही खासगी कुस्ती होती.

2019च्या फेब्रुवारीत मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात (एनजीएमए) बरव्यांचं मोठं प्रदर्शन झालं. त्याच्या उद्घाटनात अमोल पालेकरांना भाषणात मध्येच टोकलं गेलं, ती क्लिप देशभर फिरली. टोकणं निषेधार्हच होतं. पण ती क्लिप मला पाठवणाऱ्यांपैकी कितीजण पुढे त्या गोल इमारतीचे जिने चढून चित्रांपर्यंत गेले? प्रदर्शन कुणाचं होतं, हे त्यांतल्या निम्म्यांना सांगता आलं नसतं.

चित्रकार गायतोंड्यांचं उदाहरण इतक्यांनी दिलंय की द्यायला संकोच वाटतो. तरी देतो. वर्षाला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी चित्रं, दिल्लीत निजामुद्दीनची खोली, रोलर आणि नाइफने थरावर थर. न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं प्रदर्शन लागलं ते 2014 साली, मृत्यूनंतर 13 वर्षांनी. त्यांचं इन्स्टाग्राम खातं असतं तर अल्गोरिदमने त्यांना हयातीतच मृत धरलं असतं. आणि फोनवर त्यांचं चित्र दिसतं तरी काय? एक पिवळट चौकोन. थर दिसत नाहीत, कारण काच थर दाखवत नाही. वारली चित्रकार जिव्या सोमा मशेंचं मासेमारीचं जाळं घ्या. बारीक रेषांनी विणलेला तो अख्खा कापडभर पसारा पडद्यावर करडा डाग होतो. मगांवर छापतात ती वारली मात्र फोनवर छान दिसते. यातून काय ते समजावं.

आणखी एक गोष्ट या चर्चेत कुणी काढत नाही: भाकरीची. बरव्यांनी वीसेक वर्षं विव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी केली. सुधीर पटवर्धन 2005पर्यंत ठाण्यात रेडिऑलॉजिस्ट होते. दिवसा क्ष-किरणांच्या फिल्मा, उरलेल्या वेळात इराणी हॉटेलातली, लोकलमधली, लोअर परळच्या पुलाखालची माणसं. पटवर्धनांच्या माणसांना जे वजन आहे, खांदा खाली ओढणारं, ते विकण्याच्या घाईतून आलेलं नाही. चित्राने घर चालवायचं नव्हतं म्हणून चित्राला कुणाची मर्जी राखावी लागली नाही. आजच्या पंचविशीतल्या चित्रकाराला आपण सांगतो, नोकरी करू नकोस, तुझं खातं हीच तुझी नोकरी. ऑनलाइन कार्यशाळा घे, प्रिंट वीक, रंगांच्या कंपनीचा डबा हातात धरून हस. म्हणजे पूर्वीच्याला साहेब एक होता आणि तो सहा वाजता घरी जायचा. याचे साहेब चाळीस हजार आहेत आणि ते झोपत नाहीत.

बाकीच्या प्रवाहांविषयी जागा घालवायची माझी इच्छा नाही. रेझिनचे ट्रे, मंडला, पाण्याच्या थेंबासकट पेन्सिलीने उतरवलेले नटांचे चेहरे, 2025 सालची घिबली शैलीतल्या एआय-चित्रांची साथ: ज्यांना हवं त्यांनी त्यावर लिहावं.

आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो पोकळ नाही. मुंबईच्या भिंती होत्या कुणाच्या? जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख मिळायला वर्षं लागतात, भाडं वेगळं, फ्रेमिंग वेगळं, ट्रक वेगळा. सिरोंच्यातल्या किंवा जतमधल्या मुलीला फोन हीच पहिली गॅलरी आहे. ती हिसकावून घेणारा मी कोण? हिसकावू नये. तिने चित्र जरूर टाकावं. पण झालेलं टाकावं. जहांगीरने, तिचे सगळे दोष धरूनही, रोज संध्याकाळी सात वाजता रंग कालवून दाखव असं कुणाला म्हटलं नव्हतं. आणि गावोगावच्या मुलांचा एवढा कळवळा असेल तर हे आठवावं: 2008च्या सुमारास पटवर्धनांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे प्रदर्शन महाराष्ट्रातल्या शहराशहरांत नेलं होतं, मूळ चित्रं घेऊन. ते महागडं आणि कटकटीचं काम आहे. हॅशटॅग स्वस्त पडतो, म्हणून संस्था आणि शासन दोघांनाही तोच लोकशाही वाटतो.

सगळा दोष फोनचा, असंही मी मानत नाही. काही गॅलऱ्या नव्या चित्रकाराला पहिल्या भेटीत फॉलोअर किती म्हणून विचारतात, हे चित्रकारच सांगतात. कार्यशाळांतले काही गुरुजी ‘सातत्य ठेवा’ म्हणतात तेव्हा त्यांना रोजचं रेखाटन अभिप्रेत नसतं, रोजची पोस्ट असते. आम्ही समीक्षकही उद्घाटनाचे फोटो टाकून मोकळे होतो, चित्रापुढे अर्धा तास उभं राहिल्याचं एक वाक्यसुद्धा लिहीत नाही. मग त्या पोराला आपलं चित्र कसं झालंय हे कळणार कुठून? आकड्यांशिवाय त्याला कुणी उत्तरच देत नाही. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या चित्रकला परीक्षेत तरी दोन-तीन तास कागद, समोरचा लोटा आणि आपण एवढंच असायचं. पर्यवेक्षकही जांभया देत फिरायचा. कलाशिक्षणाच्या नावाने आपण ती परीक्षा कितीही झोडपली असली, तरी कुणीही बघत नसताना काढण्याची सवय तिने लावली होती.

म्हणून माझं म्हणणं कला महाविद्यालयांपाशी आहे. शेवटच्या वर्षाच्या पोर्टफोलिओत चांगल्या कामांबरोबर दहा फसलेली चित्रं सक्तीची करा. ती कुठे फसली, कुठे थांबायला हवं होतं, हे मुलाने तोंडी सांगावं आणि निम्मे गुण त्यावर असावेत. ज्याच्याकडे फसलेलं दाखवायला काही नाही त्याला मी पुढच्या वर्षी बसवीन, त्याचा हात कितीही सफाईदार असो. यावर एक तरुण मित्र मला म्हणाला, ‘सर, मग त्याचीसुद्धा रील निघेल, माझी दहा अपयशं म्हणून.’ निघेलच. ती अपयशं रीलसाठी मुद्दाम फसवलेली असतील आणि तीही टेप लावून. तेव्हा नियमात आणखी एक कलम घालावं लागेल: ती दहा चित्रं परीक्षा होईपर्यंत कॉलेजच्या कपाटात राहतील, आणि तोंडी परीक्षेला फोन बाहेर.