काळी पाचचं वाद्य

यवतमाळ जिल्ह्यात क्लॅरिनेट वाजवणारे आहेत. क्लॅरिनेटसाठी कुणी लिहिताना मात्र दिसत नाही. दारव्हा, दिग्रस, पुसद, वणी, पांढरकवडा, कुठल्याही गावी लगीनसराईत वरात निघाली आणि पुढे बँड असला, की चाल उचलतो तो क्लॅरिनेटवाला. ट्रम्पेट मोठ्यानं बोलतं खरं, पण मूळ गायिकेच्या गळ्यातली मुरकी आणि दोन कडव्यांमधला बाजाचा तुकडा त्या काळ्या नळीतून येतो. आठ-दहा जणांच्या ताफ्यात कुणी काय धरायचं, कुठे थांबायचं, व्हायोलिनचा भाग युफोनियमला द्यायचा की गाळायचा, हे मास्तर उभ्या-उभ्या ठरवतो. हे रचनाकाराचंच काम आहे, पण त्याची नोंद सुपारी, बिदागी आणि गणवेश यांपलीकडे जात नाही. या जिल्ह्यानं १९७३ आणि २०१९ अशी दोनदा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनं भरवली. बँडवाल्यांना अशा सोहळ्यात जागा मिळालीच तर ग्रंथदिंडीच्या पुढे, मांडवाच्या बाहेर.

वाद्य तसं परकं. १७०० च्या सुमारास न्युरेंबर्गच्या डेनर यांनी ते घडवलं. हिंदुस्थानात ते पलटणींच्या बँडबरोबर उतरलं, तिथून संस्थानांच्या दरबारी गेलं आणि मग लग्नात आलं. बँडमधलं नेहमीचं क्लॅरिनेट बी-फ्लॅटचं, म्हणजे आपल्या पेटीवरची काळी पाच. त्याचा स्वभाव मात्र पेटीसारखा सरळ नाही. बासरी किंवा सनई जोरात फुंकली की तीच बोटं वरच्या सप्तकात तोच सूर देतात. क्लॅरिनेट सप्तक ओलांडून थेट वरच्या पंचमावर उडी मारतं. खाली ज्या बोटांनी सा निघतो त्याच बोटांनी वर प निघतो, त्यामुळे एकच तान दोनदा, वेगवेगळ्या बोटांनी शिकावी लागते. त्या उडीच्या अलीकडचे दोन-तीन सूर फिके. चाव्यांमुळे मींड अडखळते. उघड्या भोकांच्या जुन्या पद्धतीच्या वाद्यावर ती थोडी तरी साधते. उरलेली ओठांनी पत्तीवरचा दाब सैल-घट्ट करून भरून काढायची.

हा झगडा जिंकलेले लोक आपल्याकडे आहेत. रायचूरच्या पं. नरसिंहलू वडवाटी यांनी क्लॅरिनेटवर हिंदुस्तानी राग मांडला. दक्षिणेत ए. के. सी. नटराजन यांनी त्याला कर्नाटक मैफलीत मुख्य वाद्याचं आसन मिळवून दिलं. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मास्टर इब्राहिम यांच्या तबकड्यांनी सिनेमाची गाणी शब्दांवाचून घराघरात पोचवली. या सगळ्यांविषयी आदर ठेवूनच म्हणतो, की इथे दाद मिळते ती गळ्याच्या हुबेहूबपणाला. त्या फिक्या सुरांचं काय करता येईल, वरच्या पंचमावरच्या त्या उडीतून काय घडेल, हे विचारायची गरज कुणाला फारशी वाटली नाही. वाद्याची अडचण लपवणं म्हणजेच कौशल्य, असं आपण धरून चाललो.

युरोपात नेमकी या अडचणीतूनच गेल्या शतकातली रचना निघाली. स्ट्राविन्स्कीनं १९१८ साली एकट्या क्लॅरिनेटसाठी तीन छोटे तुकडे लिहिले, साथीला काहीही नाही. यवतमाळला १९७३ मध्ये गदिमांच्या अध्यक्षतेखाली संमेलन भरलं त्याच साली म्युनिकमध्ये जन्मलेला यॉर्ग विडमन स्वतः क्लॅरिनेटवादक आणि रचनाकारही. १९९३ मध्ये, विशीत, त्यानं एकल क्लॅरिनेटसाठी ‘फॅन्टसी’ लिहिली. तिच्या सुरुवातीलाच एका फुंकरीतून एकाच वेळी अनेक सूर निघतात. आपल्या बँडमध्ये असा आवाज आला तर मास्तर पत्ती बदलायला सांगेल.

पण मला जास्त जवळचं वाटतं ते ओलिव्हिए मेसियाँचं उदाहरण. दुसऱ्या महायुद्धात तो ग्योर्लित्सच्या युद्धकैद्यांच्या छावणीत होता. तिथे त्याच्यासोबत एक व्हायोलिनवादक, एक चेलोवादक आणि आंरी आकोका नावाचा क्लॅरिनेटवादक होता. पियानोला तो स्वतः. असा मेळ सहसा कुणी मुद्दाम जमवत नाही. त्यानं तो जसा होता तसा स्वीकारला आणि १५ जानेवारी १९४१ रोजी ‘काळाच्या अंतासाठी चतुष्क’ कैद्यांसमोर वाजवलं. त्यातला एक पूर्ण भाग एकट्या क्लॅरिनेटचा आहे, जवळजवळ थांबलेल्या लयीत. आणि पहिल्या भागात पियानोचा जो लयबंध फिरत राहतो, त्यात रागवर्धन नावाचा देशी ताल आहे. असे ताल मेसियाँनं उचलले शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकर’मधल्या यादीतून, आणि तो ग्रंथ तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीला, सिंघणाच्या आश्रयानं लिहिला गेला. आपल्या घरातली वही जर्मनीतल्या बराकीत उघडली गेली. आपण मात्र शार्ङ्गदेवाला प्रश्नपत्रिकेतल्या टिपेपुरता ठेवला.

समोर जे वादक आहेत त्यांच्यासाठी लिहिणं आपल्याला अगदी अपरिचित नाही. मैहरला बाबा अल्लाउद्दीन खाँनी अनाथ मुलांना गोळा करून वाद्यवृंद उभा केला, बंदुकीच्या नळ्यांचा नलतरंग केला, आणि त्या मुलांच्या हाताला जमेल असं रागसंगीत बसवलं. मुंबईत उलट दिशा दिसते. एनसीपीए या कलासंस्थेचा सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया २००६ साली सुरू झाला. वाजवतो उत्तम, पण वादकांचा मोठा हिस्सा परदेशातून येतो आणि कार्यक्रमांचा गाभा एकोणिसाव्या शतकात आहे. तबल्यासाठी झाकीर हुसेन यांचं ‘पेशकार’ २०१५ मध्ये तिथे झालं, ते चांगलंच झालं. पण अशा संस्थेकडून पांढरकवड्याच्या क्लॅरिनेटवाल्यापर्यंत काही झिरपेल, ही आशा भाबडी आहे. तिचा तो उद्देशही नाही.

इकडे जमीन झपाट्यानं सरकते आहे. धुमालची, म्हणजे वाद्यं लादलेली, गाडी आली, पाठोपाठ डीजेच्या भिंती आल्या. गाडीवर कीबोर्ड चढला की सनईचा आवाज बटणातून मिळतो, आणि दम लागणारा माणूस महाग वाटू लागतो. यवतमाळचा दुर्गोत्सव विदर्भात गाजलेला, पण विसर्जनाच्या त्या आवाजात एका पत्तीचा सूर टिकणार कसा? त्यात लगीनसराई येते ती मे महिन्यात, पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर असताना. तापलेल्या हवेत नळीचा सूर चढतो, आणि लाकडी वाद्य तडकण्याची भीती असते ती वेगळीच. मेरठची स्वस्त वाद्यं म्हणून बँडवाल्यांना परवडतात. पण बारीक, हळू सूर काढायला चाव्या नीट मिटाव्या लागतात, आणि त्या तशा मिटल्या नाहीत तर समकालीन रचनेच्या गप्पा कागदावरच राहतात.

एक धोकाही सांगायला हवा. जिल्ह्यात गोंड-कोलामांचा ढेमसा नाच आहे, त्याचा ढोल आहे. शहरातून आलेला रचनाकार पहिल्यांदा त्यावरच हात मारील: दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण घ्यायचं, त्यावर क्लॅरिनेट लावायचं आणि त्याला संगम म्हणायचं. अशी कामं ऐकायला गोड लागतात आणि पुन्हा ऐकावीशी वाटत नाहीत. ढोलवाला तालमीला हजर हवा आणि नको तिथे नको म्हणायचा त्याला अधिकार हवा.

सुरुवात त्याहून साधी असू शकते. दोन क्लॅरिनेट, एक ट्रम्पेट, एक युफोनियम, साईड ड्रम आणि ढोल. सात-आठ मिनिटांची रचना, उभं राहून, मांडवाबाहेर वाजवता येईल अशी. ती लिहायची बँडमधल्याच माणसानं. त्याला स्टाफ नोटेशन येत नसेल तर सारेगमात लिहावी, फक्त लिहावी, म्हणजे दुसऱ्या तालुक्यातला ताफा ती वाजवू शकेल आणि तिच्यातलं वाईट काय ते आम्ही समीक्षक दाखवू शकू. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात, सुपाऱ्या नसतात. बँडची माणसं निंदणीला, पुढे सोयाबीनच्या सोंगणीला जातात. तालमीला मोकळा म्हणावा असा वर्षातला हाच काळ. पण तालमीला आलेल्या दिवशी मजुरी बुडते, आणि ती भरून देणारं खातं आपल्या कुठल्याच संगीतसभेच्या हिशोबात नाही.