ऋणाची धास्ती आणि स्वस्ताईचा शाप

सरकार कर्जात बुडाले की महागाई आलीच, अशी आपल्या सुशिक्षित वर्गाची दृढ समजूत आहे. १९२३ साली जर्मनीत साध्या पावासाठी नोटांचे गठ्ठे मोजावे लागत, ही हकीकत तिच्या पुष्ट्यर्थ हटकून सांगण्यात येते. ही हकीकत खरी आहे. पण ती अर्धीच आहे. उरलेली अर्धी ज्यांस पाहावयाची असेल त्यांनी जॉन मेनार्ड केन्स यांची १९२५ साली प्रसिद्ध झालेली, चर्चिल यांच्या चलनधोरणाचे आर्थिक परिणाम सांगणारी छोटी पुस्तिका अवश्य वाचावी.

पहिल्या महायुद्धापूर्वी ब्रिटनचे राष्ट्रीय ऋण सुमारे ६५ कोटी पौंड होते. युद्ध संपल्यावर ते ७०० कोटींच्या वर गेले. एवढ्या ओझ्याखाली सरकार नोटा छापून मोकळे होईल, असे कोणासही वाटावे. घडले ते उलटे. पत जाईल या धास्तीने सरकारने व्याजाचे दर चढे ठेवले, १९२२ साली खर्चावर कुऱ्हाड चालविली, आणि एप्रिल १९२५ मध्ये अर्थमंत्री चर्चिल यांनी युद्धापूर्वीच्याच हुंडणावळीने, म्हणजे एका पौंडास ४.८६ डॉलर या भावाने, पौंड पुन्हा सोन्याशी जखडला.

पौंडाचे मोल त्यामुळे सुमारे दहा टक्क्यांनी फाजील वाढले, असा केन्स यांचा आक्षेप आहे. हा माल परदेशांत खपावयाचा तर देशातील किमती व मजुरी तितक्याच उतरल्या पाहिजेत. आणि मजुरी आपखुशीने कोण उतरू देतो? ती बेकारीच्या दडपणानेच उतरते, व पहिला बळी कोळशाच्या खाणीतील मजुराचा पडतो. परंतु पुस्तिकेतील सर्वांत मर्मभेदक हिशेब निराळाच आहे. पौंड दहा टक्क्यांनी महाग झाला म्हणजे राष्ट्रीय ऋणाचा खरा भार सुमारे ७५ कोटी पौंडांनी वाढला, आणि युद्धानंतर काटकसरीने केलेली सारी परतफेड पाण्यात गेली. ऋणको जितका फेडीत जाई, तितका अधिक देणेकरी होई! पुढच्याच वर्षी, मे १९२६ मध्ये, सार्वत्रिक संप झाला. सप्टेंबर १९३१ मध्ये सोन्याची साखळी तोडावी लागली.

पुस्तिकेत उणिवा नाहीत असे नाही. पुस्तिकेच्या नावाने तरी दोष एका व्यक्तीच्या माथी मारला आहे. वस्तुतः हे धोरण १९१८ सालच्या कन्लिफ समितीपासून चालत आलेले होते, व स्वतः चर्चिलही निर्णयापूर्वी साशंक होते. शिवाय दिलेला शब्द पाळावा, या भावनेला केन्स यांनी पुरेसा न्याय दिलेला नाही. ती भावना क्षुद्र नव्हे. आपल्या घराण्यांतही देणे बुडविणाऱ्यास मान नसतो. मात्र युद्धकाळात स्वस्त झालेल्या पौंडांत कर्ज देणाऱ्याने महाग पौंडांत परतफेड घ्यावी, हा शब्द कोणी दिला होता, हा प्रश्न उरतोच.

केन्स यांच्या युक्तिवादाची कसोटी पुढे जर्मनीतच लागली. ज्या देशात १९२३ साली नोटांचा महापूर आला, त्याच देशात १९३० ते १९३२ या काळात चॅन्सेलर ब्रूनिंग यांनी वटहुकुमांनी पगार, मजुरी व किमती खाली ओढल्या. १९३२ च्या आरंभी बेकारांची संख्या ६० लाखांवर गेली. युद्धदंडाचे ओझे दोन्ही वेळी मानेवर होतेच. आपल्या काळातील जपानवर राष्ट्रीय उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक सरकारी कर्ज असताही तेथे कित्येक वर्षे भाव चढेनात, उलट उतरत राहिले.

तात्पर्य, महागाई येईल की मंदी, हे कर्जाच्या आकड्यावरून ठरत नाही. त्या आकड्यास भ्यालेले सरकार नोटा छापते की मजुराची भाकरी तोडते, यावरून ठरते. स्वस्ताई ऐकावयास गोड वाटते. परंतु ज्याची नोकरी गेली त्यास स्वस्त धान्यही महागच पडते. कर्जाच्या नावाने काटकसरीचा घोष ऐकू येईल तेव्हा भार नेमका कोणाच्या खांद्यावर पडणार, एवढे विचारण्याची सवय या पुस्तिकेने लावली, तरी तिचे वाचन सार्थकी लागले म्हणावे.