आधी श्रद्धा, मग पक्ष : पण ओळखायचं कसं?

तारकर्लीसारख्या ठिकाणी, बाहेर इतका सुंदर समुद्र असताना, तुम्ही आत येऊन व्याख्यान ऐकायला बसलात याबद्दल आधी आभार मानतो.

विषय दिलाय ‘ख्रिस्ती श्रद्धा आणि राजकीय निष्ठा’. फार पसरट विषय आहे. मी त्यातला एकच प्रश्न घेतो. ‘माझी श्रद्धा आधी, पक्ष नंतर’ हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. कुठल्याही पक्षाचं काम करणाऱ्या ख्रिस्ती माणसाला विचारा, तो हेच म्हणेल. आता ज्या वाक्याला कुणाचाच विरोध नाही, त्या वाक्याबद्दल तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाला जरा शंका येते. हे वाक्य खरं आहे की नुसतं तोंडी आहे, हे ओळखायचं कशावरून?

माझी कसोटी साधी आहे. तुमच्या श्रद्धेनं तुमच्या स्वतःच्या बाजूला कधी ‘नाही’ म्हटलंय का? विरोधी पक्षाला नाही म्हणायला श्रद्धा लागत नाही, पक्षनिष्ठा पुरते. माझी श्रद्धा आणि माझा पक्ष यांचं दर वेळी, दर प्रश्नावर एकमत होत असेल, तर दोघांपैकी एक जण दुसऱ्याची चाकरी करतोय. कोण कुणाची, ते ज्यानं त्यानं पाहावं.

ही कसोटी लावून आपण मराठी ख्रिस्ती परंपरेतली काही माणसं बघू. पहिल्या अर्थातच पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे राज्यकर्त्यांच्या देशात आणि राज्यकर्त्यांच्याच चर्चमध्ये. साधा हिशेब असा होता की आता या बाई इंग्रजांच्या बाजूच्या झाल्या. इथल्या लोकांनी तसाच हिशेब केला, आणि गंमत म्हणजे इंग्रजांनीही तसाच केला. पण सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचा. ए. बी. शहांनी संपादित केलेला तो संग्रह १९७७ साली आला. त्यात रमाबाई पदोपदी भांडतात. चर्च सांगतं म्हणून मी मानणार नाही, मला पटलं पाहिजे, हा त्यांचा सूर. क्रॉसवरची अक्षरं लॅटिनमध्ये का, संस्कृतमध्ये का नकोत, इतक्या बारीक गोष्टीवरसुद्धा त्या अडून बसतात. वरवर तो भाषेचा वाद आहे. मुळात प्रश्न असा, की ख्रिस्ताला मानणं म्हणजे इंग्लंडला मानणं का?

१८८९ साली त्या परतल्या. मार्चमध्ये मुंबईत शारदा सदन सुरू झालं, डिसेंबरमध्ये मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला ज्या मोजक्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून गेल्या त्यांत रमाबाई होत्या. पुढे सदन पुण्यात आलं. १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून वादळ उठलं, ‘केसरी’नं झोडपलं, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. म्हणजे देशी बाजूही गेली. अशा वेळी आपण काय केलं असतं? निमूटपणे सरकारच्या आश्रयाला गेलो असतो.

रमाबाईंनी काय केलं? १८९७ साली पुण्यात प्लेग होता. रँडसाहेबाचा अंमल आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्या वेळी ‘बॉम्बे गार्डियन’ या ख्रिस्ती साप्ताहिकात रमाबाईंनी पत्र लिहिलं, आणि सरकारी प्लेग रुग्णालयात बायकांची काय अवस्था होते, त्यांच्या अब्रूची कशी पर्वा केली जात नाही, ते उघड मांडलं. प्रकरण ब्रिटिश संसदेपर्यंत पोचलं. सरकारनं आरोप फेटाळले. पण माझा मुद्दा वेगळा आहे. ज्या सरकारचा धर्म आपलाच, ज्याच्याशिवाय त्या घडीला दुसरा आधार दिसत नव्हता, त्याच सरकारला या बाईंनी नाही म्हटलं, आणि तेही ख्रिस्ती वाचकांच्याच पत्रातून. ‘आपल्या’ लोकांसमोर.

आणखी एक बघा. त्या नाही म्हणाल्या ते स्वतःच्या संस्थेला जमीन मिळावी म्हणून नव्हे. रुग्णालयातल्या बायकांसाठी. त्यांतल्या बहुतेक ख्रिस्ती नव्हत्या.

इथं मराठी टीकेबद्दल थोडं कडक बोलतो. रमाबाई, रेव्हरंड नारायण वामन टिळक, अशा लेखकांवर आपण लिहितो तेव्हा शेवटी एक प्रमाणपत्र देतो. ‘धर्मांतर केलं, तरी देशभक्त होते.’ हा ‘तरी’ मला खुपतो. प्रमाणपत्र प्रेमानं दिलेलं असतं, मान्य. पण त्यात गृहीत असं आहे की माणसाचं पहिलं मोजमाप राष्ट्रनिष्ठेनं करायचं, आणि श्रद्धा ही तिच्या आड न येण्यापुरती चालवून घ्यायची. टिळकांचं आयुष्य या मापात मावत नाही. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, अमेरिकन मिशनमध्ये वर्षानुवर्षं काम केलं, आणि १९१७ मध्ये मिशनची पगाराची चाकरी सोडून ‘ख्रिस्ताचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. मिशन काही त्यांचा शत्रू नव्हता. त्यांचं पोट त्यावर होतं. म्हणजे इथंही नकार आपल्याच बाजूला आहे.

पण टिळकांनाही हीच कसोटी लावायची तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. त्यांच्या काही राष्ट्रीय कवितांत ख्रिस्त हा भारताच्या उद्धाराचं साधन होतो. देश मोठा व्हावा म्हणून ख्रिस्त हवा, असा सूर लागतो. तिथं कविता गोड असेल, पण क्रम उलटलेला आहे. त्यांची भजनं मला अधिक खरी वाटतात, कारण तिथं भक्ताला ख्रिस्ताकडून ख्रिस्ताशिवाय दुसरं काही नको असतं.

व्यक्तींचं झालं. आता संस्थेचं बघू, आणि ते आपल्या किनाऱ्यावरचंच उदाहरण आहे. आज सिंधुदुर्गचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत आहे, २००५ पासून. त्याआधी दीर्घकाळ सावंतवाडी-मालवणचा टापू गोव्याच्या आर्चबिशपांकडे होता, आणि गोव्याचं चर्च ‘पाद्रोआदो’खाली. म्हणजे पोर्तुगालच्या राजानं खर्च करायचा आणि बिशप नेमायला नावं सुचवायची. १६२२ मध्ये रोमनं ‘प्रोपगंडा फिदे’ हे आपलं धर्मप्रसाराचं खातं काढलं आणि पुढे दोघांची रस्सीखेच सुरू झाली. मुंबईत तर एकाच शहरात दोन अधिकार चालत, थेट १९२८ पर्यंत. एकच श्रद्धा, एकच मिस्सा, आणि भांडण कशावरून? आमचं देऊळ राजाचं की पोपचं. गोव्याच्या देशी पाद्रींची बाजू अगदीच चूक नव्हती. पाद्रोआदोत त्यांना मान होता, युरोपीय मिशनऱ्यांपुढे तो राहील का ही धास्ती होती. पण बिशप ठरवताना राजाचं मत लागतं, तेव्हा राजाला नाही म्हणण्याची ताकद चर्चकडे किती उरते? पैसा आणि नेमणूक दुसऱ्याच्या हातात गेली की क्रम आपोआप बदलतो. त्यासाठी कुणी नास्तिक व्हावं लागत नाही.

आता एक उदाहरण जर्मनीचं, कारण तिथं हा क्रम अगदी शब्दांत मांडला गेला. कार्ल बार्थ हे बॉन विद्यापीठात धर्मशास्त्राचे प्राध्यापक. १९३४ साली सरकारी नोकरांना हिटलरच्या नावानं शपथ घ्यायची होती. बार्थ म्हणाले, घेतो, पण त्यात एक पुरवणी जोडा : ख्रिस्ती म्हणून मला जितपत जबाबदारीनं पाळता येईल तितपत. एवढंच. १९३५ मध्ये नोकरी गेली. हुकूमशहाला ती छोटी पुरवणी का झेपली नाही? कारण निष्ठेला मर्यादा घातली की ती निष्ठा राज्यापुरती राहते, सर्वस्वाची होत नाही. पण त्याच वर्षी, १९३४ मध्ये, बार्थनी मसुदा केलेल्या बार्मेनच्या जाहीरनाम्यात ज्यूंबद्दल काही नव्हतं. पुढे बार्थनीच ही उणीव मान्य केली. म्हणून माझ्या कसोटीला दुसरा भाग जोडावा लागतो. ‘नाही’ कुणासाठी म्हटलं? चर्चच्या स्वातंत्र्यासाठी म्हटलं तर ते निम्मं उत्तीर्ण. रमाबाई त्या निम्म्याच्या पुढे गेल्या होत्या.

कुणी विचारेल, सर, प्रत्येक जण ‘माझी श्रद्धा आधी’ म्हणायला लागला तर लोकशाहीचं काय? उद्या दुसऱ्या धर्माचाही माणूस हेच म्हणेल. प्रश्न रास्त आहे. माझं उत्तर असं, की श्रद्धा आधी ठेवण्यानं मला स्वतःच्या बाजूला नकार देण्याचा हक्क मिळतो. दुसऱ्यावर राज्य करण्याचा मिळत नाही. कैसराच्या नाण्याची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. ती आपण वाटणीची गोष्ट म्हणून वाचतो : हे सरकारचं, ते देवाचं. पण नाण्यावर कैसराचा चेहरा होता म्हणून नाणं कैसराचं. मग माणसावर कुणाची प्रतिमा आहे? बायबल सांगतं, देवाची. म्हणजे कर द्या, माणूस देऊ नका. आणि रमाबाईंचं पत्र पुन्हा आठवा. रुग्णालयात काय चाललंय ते त्यांनी सांगितलं. ते पटायला कुणी ख्रिस्ती असण्याची गरज नव्हती. श्रद्धेनं बोलायला लावावं, पण बोलावं सगळ्यांना कळेल असं.

फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी तेच केलं. वसईच्या हरित चळवळीत ते झाडं, विहिरी, शेती यांबद्दल बोलले आणि स्थानिक सत्तेला नको असलेलं बोलले. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या ९३व्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा धर्मावरून विरोध झाला. त्यांच्या बाजूनं बोलताना आपल्यालाही मोह होतो : अहो, त्यांना ज्ञानोबा-तुकोबा किती प्रिय होते! ते खरंच आहे. पण पुन्हा तेच प्रमाणपत्र. ते पाद्री होते म्हणूनच विहिरींसाठी भांडले, असं सरळ म्हणायला आपण का बिचकतो?

शेवटी आपल्या दाराशी येतो. या किनाऱ्यावर रापण ओढणारा माणूस आणि पर्ससीनवाला, एलईडी दिवे लावून मासळी उपसणारा, यांचा झगडा तुम्ही रोज बघता. रापणकरी बहुतेक हिंदू गाबीत आहे, काही ख्रिस्ती. समजा, ती मोठी बोट तुमच्या पक्षाच्या माणसाची आहे. त्यानंच तुमच्या दफनभूमीची भिंत बांधून दिलीय, फेस्ताला येऊन मेणबत्तीही लावलीय. आता तुमची श्रद्धा काय म्हणते? ‘आमच्या समाजाची कामं करतो ना, मग मत त्याला’ असं म्हणालात, तर मी तुम्हाला दोष देणार नाही. अल्पसंख्य माणसाला भिंत लागते, हे मीही जाणतो. फक्त मग ‘श्रद्धा आधी’ म्हणू नका. ‘समाज आधी’ म्हणा. समाज हाही एक पक्षच आहे.

आणि त्याला मत देऊनही दुसऱ्या दिवशी त्याच्या दारात जाऊन ‘दिवे बंद करा’ म्हणालात, तर तुमचा पक्ष कुठलाही असो, क्रम बरोबर आहे.

इथं थांबतो. प्रश्न विचारा. वाद घातलात तर अधिक आवडेल.