यमूचा प्रश्न

सामाजिक कादंबरीने ज्या रूढीवर शस्त्र धरले ती रूढी मोडली, की त्या कादंबरीचेही काम संपले, असे आपण सहज म्हणून जातो. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षांत कोण घेतो!' या कादंबरीविषयी तर हे मत मी अनेकदा ऐकले आहे. 1890 पासून ती 'करमणूक' साप्ताहिकात क्रमशः येऊ लागली. पुढे 1929 मध्ये शारदा कायदा झाला. विधवांच्या केशवपनाची चालही मागे पडली. मग यमूच्या दुःखाशी आज आपले नाते कोणते?

माझ्या मते ते नाते तिच्या बोलण्याशी आहे. पंचविशी नुकतीच ओलांडलेल्या हरिभाऊंनी सुधारकाचा आवाज बाजूस ठेवला आणि एका ब्राह्मण घरातील मुलीला आपली हकीकत आपणच सांगू दिली. ती व्याख्यान देत नाही. आईचे सोसणे, सासरचा जाच, मैत्रीण दुर्गीचे हाल, हे सारे ती घरगुती मराठीत सांगत जाते. पतीच्या, रघुनाथरावांच्या, उत्तेजनाने ती वाचू लागते, विचार करू लागते. मुंबईच्या बिऱ्हाडात चार मोकळे दिवस तिच्या वाट्याला येतात. म्हणूनच वैधव्यानंतर तिच्यावर बळजबरीने केलेले केशवपन ही वाचकाला केवळ एक दुष्ट चाल वाटत नाही. नुकत्याच बोलत्या झालेल्या जिवाला पुन्हा मुके करण्याचा तो घाट असतो.

कादंबरी निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. तिच्यात पाल्हाळ आहे, आणि शंकरमामंजी तर एकाच काळ्या रंगात रंगविले आहेत. परंतु सगळाच पाल्हाळ टाकाऊ नव्हे. त्या संथपणामुळेच आपण यमूच्या घरात वावरू लागतो. ओसरीवर कोण बोलते आणि माजघरात कोण गप्प बसते, हे आपल्या ध्यानी येते. त्या घरांत दुष्ट माणसे थोडीच आहेत. पाहूनही न पाहणारी पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या एखाद्याशी आपला चेहरा जुळतो तेव्हा पुस्तक मिटून ठेवावेसे वाटते.

हरिभाऊंनी शीर्षकात विचारलेला प्रश्न रूढीविषयी नाही, ऐकणाऱ्याविषयी आहे. रूढी कायद्याने मोडता येते. दुसऱ्याचे म्हणणे लक्षात घ्यायला लावणारा कायदा मात्र अजून कोणी केलेला नाही.